परमुलखातल्या रस्त्यावरच्या पाट्या

परदेशात जाऊन स्वतः मोटार चालवणे ही गोष्ट एके काळी संस्थानिकांच्या आणि बॅरिस्टरांच्या घरची समजली जाई. आता तसे राहिलेले नाही. कोकणातील कितीतरी घरांतील कर्ती माणसे आखाती देशांत ट्रक आणि टॅक्सी चालवीत आली आहेत. शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेला मुलगा तिथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मोटार घेतो, कारण तिथे पुष्कळ गावांत त्यावाचून भाजी आणणेही अवघड. आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, त्यात चालकांचाही समावेश आहे. तेव्हा आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो तुमच्या गावातल्या, कदाचित तुमच्या घरातल्याच एखाद्या तरुणाच्या उपयोगी पडण्यासारखा आहे.

अशा तरुणाचे आईवडील पहिला प्रश्न विचारतात तो असा : "तिथली भाषा याला येत नाही, मग रस्त्यावरची पाटी हा वाचणार कशी?" ही धास्ती साहजिक आहे, पण ती जरा चुकीच्या जागी आहे. रस्त्यावरच्या बहुतेक महत्त्वाच्या पाट्यांवर अक्षर नसतेच. ज्या पाटीचा अर्थ मुळीच कळत नाही, ती पाहून माणूस आपोआप पाय ब्रेकवर नेतो. तिच्यापासून तसा धोका कमी. धोका आहे तो दोन ठिकाणी. एक, जी पाटी आपल्याकडच्या पाटीसारखीच दिसते पण जिचा अर्थ तिकडे निराळा आहे तिथे. आणि दुसरे, जिथे पाटीच नाही, पण नियम मात्र आहे तिथे. आजचे माझे बोलणे मुख्यतः या दोन गोष्टींभोवती आहे.

पण आधी थोडे मागे जाऊ. मोटारगाड्या नव्या होत्या तेव्हा, म्हणजे १९०९ साली, युरोपातील काही राष्ट्रांचे प्रतिनिधी पॅरिसला जमले आणि त्यांनी सगळ्या देशांत सारख्याच असाव्यात अशा चार खुणा ठरवल्या : खाचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. बस्स, चारच. खेड्यातल्या गाडीवानालाही कळावे इतक्या त्या साध्या होत्या. पुढे मोटारी वाढल्या, तशा खुणाही वाढल्या. १९३१ आणि १९४९ साली जिनिव्हा येथे, आणि शेवटी ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे रस्त्यावरील चिन्हांबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. युरोपातील बहुतेक देश त्यात आहेत. भारतही १९८० साली त्यात सामील झाला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने मात्र या करारात नाहीत, आणि जपानही नाही. आपल्या पाट्यांचे घराणे इंग्लंडमार्फत युरोपचेच. म्हणून फलटणच्या किंवा फोंड्याच्या चालकाला न्यूयॉर्कपेक्षा म्युनिकच्या पाट्या अधिक ओळखीच्या वाटतात. आणि, मघाशी म्हटल्याप्रमाणे, अधिक फसवतातही.

या घराण्याचे व्याकरण सांगतो. पाटी वाचताना आधी चित्राकडे पाहायचे नाही. आधी आकार पाहायचा, मग रंग, आणि सर्वांत शेवटी चित्र. त्रिकोण, टोक वर केलेला, म्हणजे सावधगिरीची सूचना : पुढे काहीतरी आहे, जपून चला. गोल म्हणजे हुकूम. त्या गोलाला लाल कडे असेल तर हुकूम मनाईचा, आणि गोल निळा असेल तर 'असेच करा' असा. चौकोनी पाटी साधारणतः माहिती देते : दवाखाना, पेट्रोल पंप, गाडी उभी करण्याची जागा. त्रिकोणातले चित्र मुलुखाप्रमाणे बदलते. सौदी अरेबियात त्यात उंट दिसेल, स्वीडनमध्ये एल्क नावाचे घोड्याएवढे सांबर दिसेल. ब्रिटनच्या त्रिकोणात गाय दिसते. तिकडच्या पाट्यांची आजची घडण जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोन रेखाटनकारांनी केली आणि त्या १९६५ पासून रस्त्यावर आल्या. कॅल्व्हर्टबाईंनी ती गाय आपल्या नातेवाइकांच्या शेतावरच्या 'पेशन्स' नावाच्या गाईवरून काढली होती. पेशन्स म्हणजे धीर. रस्त्यात गाय आडवी आल्यावर चालकाला काय लागते, ते त्या गाईच्या नावातच आले म्हणायचे!

रंगाचीही थोडी फेरफार असते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये त्रिकोणाची जमीन पांढरी नसून पिवळी असते, कारण बर्फात पांढरी पाटी हरवून जाते. अर्थ मात्र तोच.

आता या व्याकरणाला दोन अपवाद आहेत, आणि ते मुद्दाम केलेले आहेत. एक टोक खाली केलेला त्रिकोण, म्हणजे 'दुसऱ्याला आधी जाऊ द्या'; आणि दुसरा अष्टकोन, म्हणजे 'थांबा'. या दोन आकारांत सहसा दुसरी पाटी करत नाहीत. का, तर पाटीवर बर्फ साचले, रंग उडाला किंवा ती पाठमोरी असली, तरी नुसत्या कडेवरून ती ओळखू यावी. पाठमोरी पाटी ओळखून काय फायदा, असे तुम्ही विचाराल. समजा, तुम्ही एका रस्त्याने चालला आहात आणि बाजूने दुसरा रस्ता येऊन मिळतो आहे. त्या रस्त्यावरच्या चालकासाठी लावलेली पाटी तुम्हाला पाठीमागून दिसते. ती अष्टकोनी असेल तर थांबायचे त्याला आहे, हे तुम्हाला कळते. चांगला चालक समोरच्या पाट्यांबरोबर दुसऱ्यांच्या पाट्यांच्या पाठीही वाचतो.

अष्टकोन ही मूळ अमेरिकेची कल्पना. १९२३ च्या सुमारास तिथल्या रस्ते-अभियंत्यांनी असा हिशेब मांडला की जितके कोन जास्त तितका धोका मोठा. गंमत अशी की, ही पाटी तिथे बराच काळ पिवळी होती. लाल रंग १९५४ साली आला. तिच्यावरचा शब्द देशोदेशी बदलतो. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये 'स्टॉप'च लिहिलेले असते, पण कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 'आरे', मेक्सिकोत 'आल्तो', ब्राझीलमध्ये 'पारे' आणि तुर्कस्थानात 'दुर'. इस्रायलात तर शब्दच नाही, उघडा पंजा काढलेला असतो. शब्द कोणताही असो, आठ कोन दिसले की चाक पूर्ण थांबले पाहिजे. आपल्याकडे गाडी जरा हळू केली, मान इकडेतिकडे फिरवली, की 'थांबलो' असे आपण समजतो. तिकडे ते थांबणे धरले जात नाही; रस्ता ओसाड असला तरी नाही.

आणि इथेच पहिला फसवा दाखला येतो, तो जपानचा. जपानमध्ये 'थांबा'ची पाटी अष्टकोनी नाही. ती टोक खाली केलेला त्रिकोण आहे, आतून पूर्ण लाल, आणि वर 'तोमारे' अशी जपानी अक्षरे. आपल्या डोळ्याला उलटा त्रिकोण म्हणजे 'हळू, दुसऱ्याला जाऊ द्या' असे वळण लागलेले. तो चालक गाडी हळू करतो आणि पुढे जातो, आणि त्याला वाटते आपण नियम पाळला. 'हळू चला'ची जपानी पाटीही उलटा त्रिकोणच असते. फक्त ती आतून पांढरी आणि कडेला लाल. सारा फरक भरलेल्या रंगाचा. २०१७ पासून या पाट्यांवर जपानी शब्दाखाली इंग्रजी शब्दही घालू लागले आहेत. पण पाट्या काही एका रात्रीत बदलत नाहीत.

बरे, आता जर्मनीत शिरू, कारण आपली मुले सध्या तिकडे निघाली आहेत.

जर्मनीत आपल्या माणसाची पहिली गफलत होते ती लाल कड्यात. कल्पना करा : पांढरा गोल, भोवती लाल कडे, आत एक मोटार काढलेली. आपला माणूस म्हणतो, 'अरे वा, हा रस्ता मोटारींचा!' अर्थ अगदी उलटा आहे : मोटारींना इथे मज्जाव. आपल्याकडे अशा पाट्यांवर चित्रावरून एक तिरपी लाल रेघ ओढलेली असते, म्हणून मनाई लगेच कळते. जर्मनीत, फ्रान्समध्ये, ब्रिटनमध्येही वाहनांच्या मनाईच्या पाटीवर ती रेघ बहुधा नसते. त्यांच्या मते लाल कडे म्हणजेच 'नाही'. पुन्हा वर रेघ कशाला? आता हेच निळ्या गोलात पाहा. निळ्या गोलात पांढरी सायकल असेल तर ती वाट सायकलवाल्यांची, आणि त्यांनी तिथूनच जायचे. आपली मोटार तिथे घालायची नाही. नुसते लाल कडे आणि आत काहीच चित्र नाही अशीही पाटी असते. ती विसरून अपुरी राहिलेली नाही, बरं का! सगळ्याच वाहनांना बंदी, असा तिचा अर्थ.

दुसरी गोष्ट गावाच्या नावाची. आपल्या गावाच्या वेशीवर पाटी असते, 'अमुक गाव आपले स्वागत करीत आहे', खाली सरपंचांचे नाव, आणि कधी कधी सरपंचांपेक्षा देणगीदाराचे नाव मोठे. ती वाचली काय आणि न वाचली काय, चालकाचे काही बिघडत नाही. जर्मनीत गावाच्या नावाची पिवळी पाटी हा स्वतःच कायदा आहे. ती ओलांडली की, दुसरी पाटी नसेल तर, ताशी ५० किलोमीटरची मर्यादा लागू झाली. ५० हा आकडा कुठेही लिहिलेला नसतो. गाव संपले की तेच नाव तिरप्या लाल रेघेने खोडलेले दिसते. तिथून मोटारीला ताशी १०० पर्यंत मुभा. साडेसात टनांवरच्या मालट्रकला मात्र गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ६० च, आणि मोठ्या महामार्गावर ८०. हे ट्रक चालवायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. फ्रान्समध्येही असेच, फक्त गावाची पाटी पांढरी आणि लाल काठाची. गावाच्या नावाने वेग बदलतो, ही कल्पना आपल्या डोक्यात नसल्यामुळे पुष्कळ जण तिथे पहिला दंड भरतात. आणि मला विचाराल तर कल्पना फार शहाणपणाची आहे. नावाची पाटी तर लावायचीच आहे. मग तिच्याकडूनच दुहेरी काम का करून घेऊ नये?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिच्यावर थोडा वेळ घालवतो. ती चौकातली.

जर्मनीत शंकरपाळ्याच्या आकाराची एक पाटी दिसते, मध्ये पिवळी, कडेला पांढरी. अशी पाटी आपल्या ओळखीची नाही, आणि तिच्यावर चित्रही नाही, अक्षरही नाही. नवख्याला वाटते, काही सजावट असेल. तिचा अर्थ असा : तुम्ही मानाच्या रस्त्यावर आहात, बाजूने येणाऱ्यांनी थांबायचे, तुम्ही जायचे. ही पाटी वाटेवर पुन्हा पुन्हा लावलेली असते. मग एका ठिकाणी हेच शंकरपाळे काळ्या तिरप्या रेघांनी खोडलेले दिसते. तिथे तुमचा मान संपला. त्याखेरीज एक त्रिकोण असतो; त्यात जाड उभा बाण आणि त्याला छेदणारी बारीक आडवी रेघ. तिथे अग्रहक्क फक्त पुढच्या एका चौकापुरता, त्यापलीकडे नाही.

आता समजा, यांपैकी काहीच नाही. शंकरपाळे नाही, उलटा त्रिकोण नाही, अष्टकोन नाही, दिवा नाही. शांत वस्ती, दोन्ही बाजूंना फुलझाडे, आणि दोन सारख्याच गल्ल्या एकमेकींना छेदतात. आपला माणूस म्हणेल, इथे नियम नाही, जो आधी घुसेल तो गेला. पण तिथे नियम आहे, आणि तो जर्मन चालकाच्या हाडीमाशी खिळलेला आहे : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. उजवीकडचा माणूस म्हातारा असो, पोरगा असो, त्याची गाडी लहान असो की मोठी, आणि त्याची गल्ली तुमच्या रस्त्यापेक्षा अरुंद दिसत असली तरी. तो बहुधा थांबणारही नाही, कारण हक्क त्याचा आहे आणि तुम्हीही इथलेच, तुम्हाला हे माहीत असणार, असे तो धरून चालतो. ताशी ३० ची मर्यादा असलेल्या वस्त्यांत असे बिनपाटीचे चौक जागोजाग आहेत.

तुम्ही म्हणाल, उजवीकडच्याला वाट देण्याचे कलम आपल्या नियमांतही आहे. आहे, नाही असे नाही. पण दोन गोष्टींचा फरक पडतो. एक तर आपल्या चौकात ते कलम किती जण पाळतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. दुसरा फरक अधिक बारीक आहे, आणि तो मोटारी रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात यातून येतो. आपण डावीकडून चालतो. त्यामुळे उजवीकडून येणारी गाडी आधी समोरच्या वाहतुकीची बाजू ओलांडते आणि मग आपल्या पुढ्यात येते. तेवढा अर्धा रस्ता आपल्या हाताशी असतो. जर्मनीत वाहने उजवीकडून चालतात. तिथे उजव्या गल्लीतून आलेली गाडी चौकात पाऊल टाकते तीच तुमच्या बोनेटसमोर. मधला अर्धा रस्ता नाहीच. मुलांना फळ्यावर दोन रेघा काढून हे दाखवले तर लगेच पटेल. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे मालगाडी चालवतो. तो फोनवर सांगत होता, "सर, पहिला महिनाभर मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडी अगदी हळू करायचो. मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत, पण बघतात. बघूदेत म्हटलं." मला त्याचे वागणे बरोबर वाटते.

फ्रान्समध्येही उजवीकडच्याचा हा नियम आहे. तिथे त्याची एक पाटी असते : लाल कडेच्या त्रिकोणात काळी फुली. आपल्याकडे चौरस्त्याच्या पाटीत अधिकचे चिन्ह असते, आणि ते नुसते 'पुढे चौक आहे' एवढेच सांगते. ही फुली त्याहून जास्त सांगते : पुढच्या चौकात उजवीकडचा आधी.

मोठ्या पाटीच्या खाली एक लहानशी पांढरी पट्टी लावलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. पुष्कळदा खरा मजकूर तिच्यातच असतो. जर्मन महामार्गावर ८० चा आकडा आणि खाली 'बाय नेस्से' असे दिसले तर मर्यादा फक्त रस्ता ओला असतानाची. खाली वेळ लिहिली असेल, समजा रात्री २२ ते ६, तर तेवढ्याच तासांपुरती. खाली नुसते '२०० मीटर' असेल तर धोका दोनशे मीटरवर आहे. पण आकड्याच्या दोन्ही अंगांना उभे बाण असतील तर धोका इथून सुरू होऊन तेवढ्या अंतरापर्यंत चालणार आहे. घाटातल्या दरडीच्या पाटीखाली हा फरक किती मोठा, ते तुम्हाला सांगायला नको. आणि एक शब्द फार फसवतो, तो म्हणजे 'फ्राय'. इंग्रजी जाणणारा म्हणतो, फ्री, म्हणजे फुकट किंवा मोकळे. मनाईच्या पाटीखाली 'आनलीगर फ्राय' लिहिले असेल तर त्याचा अर्थ असा की या रस्त्यावर ज्यांचे घर आहे किंवा ज्यांचे तिथे काम आहे, त्यांनाच मुभा. बाकीच्यांना बंदी कायम.

'आउसफार्ट' या शब्दाची एक जुनी थट्टा आहे. जर्मन महामार्गावर दर थोड्या अंतराने ही पाटी दिसते, आणि पाहुणा म्हणतो, हे आउसफार्ट गाव केवढे मोठे, इतके रस्ते तिकडे जातात! आउसफार्ट म्हणजे महामार्गावरून बाहेर पडण्याची वाट. थट्टा जुनी असली तरी शब्द पाठ करून ठेवण्यासारखा आहे. त्याच्या जोडीला 'उमलायटुंग' म्हणजे वळवलेला रस्ता, आणि 'आइनबानश्ट्रासे' म्हणजे एकेरी मार्ग, हे दोन घ्या. तीन शब्दांत पुष्कळ काम होते.

जर्मनीतून खाली इटलीत उतरले की रंगांची अदलाबदल होते. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये महामार्गाच्या दिशादर्शक पाट्या निळ्या. इटलीत आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्ग हिरवा. जो चालक आठवडाभर 'निळे म्हणजे महामार्ग' असे घोकत आला, तो इटलीत निळ्या पाटीमागे जातो आणि साध्या रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या मागे अडकतो. यात जिवाला धोका नाही, वेळ मात्र जातो.

पैशाला धोका आहे तो इटलीच्या जुन्या शहरांत. तिथल्या मध्यवस्तीत ठराविक वेळी परवानगीवाल्यांखेरीज कोणाच्या गाडीला प्रवेश नसतो. तोंडाशी पांढरा फलक, त्यावर रिकामे लाल कडे, 'झेड टी एल' ही अक्षरे आणि कॅमेरा. कित्येक ठिकाणी दिव्याच्या अक्षरांत 'वार्को आत्तीवो' असे उमटते. 'आत्तीवो' म्हणजे चालू; पाहुण्याला वाटते दार चालू आहे, जाऊ या. अर्थ असा की दारावरचा पहारा चालू आहे! आत जायचे ते 'नोन आत्तीवो' असेल तेव्हा. शिपाई अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, माणूस पिझ्झा खाऊन आनंदात परत येतो. आणि काही महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्यामार्फत दंडाचा कागद घरी येतो. दोनदा आत गेला असाल तर दोन कागद.

ब्रिटनमध्ये भाषेची अडचण कमी आणि बाजूही आपलीच, डावी. म्हणून आपला माणूस निर्धास्त असतो. तिथे फसवतो तो आकडा. ब्रिटनमध्ये वेग मैलांत मोजतात. लाल कड्यात ३० म्हणजे आपले सुमारे ४८ किलोमीटर, आणि ६० म्हणजे सुमारे ९६. शेजारच्या आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने २० जानेवारी २००५ पासून वेगाच्या पाट्या किलोमीटरमध्ये बदलल्या, पण त्याच बेटाचा उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनमध्ये असल्यामुळे तिथे मैलच राहिले. डब्लिनहून बेलफास्टला निघालात की वाटेत ना फाटक ना पोलीस चौकी. मात्र एका वळणानंतर आकड्यांचा अर्थ बदललेला असतो. दक्षिण आयर्लंडचा किलोमीटरमध्ये मोजणारा चालक उत्तरेत ६० ची पाटी पाहून तसाच ६० किलोमीटरने चालला, तर मागे रांग लागते. उलट बाजूने येणारा मैलवाला किलोमीटरच्या मुलखात ६० मैल हाकू लागला तर मात्र ते जिवाशी येते. धोक्याच्या पाट्याही सीमेवर बदलतात : उत्तरेत त्रिकोण, दक्षिणेत पिवळे शंकरपाळे.

आणखी एक ब्रिटिश खोच. पांढरा गोल, त्यावर एकच काळी तिरपी पट्टी. आपल्याकडे आणि युरोपात अशा धाटणीची पाटी सांगते की मागची बंधने संपली. ब्रिटनमध्ये तिचा अर्थ, 'देशाची सर्वसाधारण मर्यादा लागू' : मोटारीला मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६० मैल, दुभाजक असेल तर ७०. बंधन संपले असे समजून गाडी सोडून द्यायची नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगतो. तिथले घराणेच निराळे. सावधगिरीची पाटी त्रिकोणी नसून पिवळे शंकरपाळे असते, आणि चित्रापेक्षा शब्दांवर भर. म्हणजे ज्याला इंग्रजी येते त्याला सोपे, न येणाऱ्याला कठीण. इथे एक पेच आहे : जर्मनीत पिवळे शंकरपाळे म्हणजे 'तुम्ही खुशाल जा', अमेरिकेत पिवळे शंकरपाळे म्हणजे 'जपा'. जर्मनीत वर्षभर राहून अमेरिकेत बदली झालेल्या माणसाने हे मनात घोळवून घ्यावे. तिथे चौकाच्या चारही तोंडांना 'थांबा'ची पाटी असते असेही होते. चौघेही थांबतात, जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, आणि दोघे एकदमच आले तर उजवीकडचा आधी. हे सारे निमूटपणे चालते, आणि ते पाहून खरोखर कौतुक वाटते. आणि एक पाटी तिथे चाकांवर फिरते, ती म्हणजे शाळेची पिवळी बस. ती थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागून येणाऱ्यानेही आणि समोरून येणाऱ्यानेही थांबायचे, मुले रस्ता ओलांडेपर्यंत. मधे दुभाजक असेल तर समोरच्यांना बहुतेक राज्यांत सूट आहे, एरवी नाही. याबाबत तिथे कोणतीही सबब चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

आजकालची मोटार स्वतःच पाटी वाचते असे कोणी सांगेल. खरे आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या मोटारींत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची केली आहे. पण ती वेगापुरती. बिनपाटीच्या चौकात उजवीकडे पाहण्याचे काम ती करत नाही, आणि दंडाचा कागद यंत्राच्या नावाने निघत नाही.

जाण्याआधीची तयारी फार नाही. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घ्यावा लागतो. तो फार तर एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना सोबत ठेवावाच लागतो. जर्मनीत राहायला जाणाऱ्याला आपल्या परवान्यावर सहा महिनेच गाडी चालवता येते. नंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्या लेखी परीक्षेत पाट्या आणि चौकातला अग्रहक्क यांवर प्रश्न असतातच, म्हणून अभ्यास इथूनच सुरू केलेला बरा. वाटेत एखादी पाटी कळलीच नाही तर महामार्गावर एकदम थांबू नये. वेग थोडा कमी करावा, आपल्या रांगेत राहावे, आणि गाडी उभी करायची जागा आली की तिथे उभे राहून शोध घ्यावा. पुढची गाडी जाते तिच्यामागे डोळे मिटून जाण्याची आपली सवय तिथे कामाची नाही. पुढचा गडी त्या गल्लीचा रहिवासी असू शकतो.

शिक्षक मित्रांना एक खेळ सुचवतो. जुन्या पुठ्ठ्याचे सहा आकार कापा : सुलटा त्रिकोण, उलटा त्रिकोण, अष्टकोन, शंकरपाळे आणि दोन गोल. एका गोलाला लाल कडे काढा, दुसरा निळा रंगवा. चित्र एकावरही काढू नका. वर्गात ते लांबून, एकेक करून, क्षणभर दाखवा, आणि मुलांनी काय करायचे ते सांगावे. मग पुठ्ठे पाठमोरे धरा. अष्टकोन आणि उलटा त्रिकोण मुले लगेच ओळखतील. गोल पाठमोरा धरलात की तो लाल कड्याचा की निळा हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग एखादे चौकस पोर उठून विचारील की, गुरुजी, सगळ्याच पाट्यांना असे वेगळे आकार का नाही दिले?